सात पिवळ्या चौकटी

"सर, पहिला खांब हाच घ्या. इथे शंकेला जागाच नाही," प्रवीणसर म्हणाले आणि भांडी घासायच्या मोरीशेजारच्या खांबावर त्यांनी पेनाने टकटक केली. गिलाव्याचा एक पापुद्रा सुटला आणि बरोब्बर मंदाताईंच्या घासून ठेवलेल्या पातेल्यात पडला.

"घ्या," मंदाताई म्हणाल्या. "आता ह्ये बी माझ्याच नावावर लिवा."

चाकणच्या एमआयडीसीतली ही कंपनी गाड्यांच्या सीटखाली लागणारे लोखंडी ब्रॅकेट बनवते. मागे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रांची, म्हणजे प्रेस शॉपची शेड आणि पुढे दुमजली ऑफिसची इमारत. इमारतीत तळमजल्यावर रिसेप्शन, स्टोअर आणि कँटीन, वर बाकी ऑफिस. प्रवीणसर तिथले अ‍ॅडमिन मॅनेजर. मंदाताई कँटीन चालवतात. मी चिंचवडहून माझं यंत्र घेऊन आलो होतो.

माझं काम सांगायला सोपं आहे. काँक्रीटच्या पोटात सळई असते. तिला गंज लागलाय का, आणि लागला असेल तर तो किती वेगाने चाललाय, हे खांब न फोडता सांगायचं. नातेवाइकांना मी 'खांबांचा ईसीजी काढतो' असं सांगतो. मग ते स्वतःच्या ईसीजीबद्दल बोलू लागतात आणि माझी सुटका होते.

इथे झालं होतं असं. ऑफिसच्या काही खांबांचा पायथ्याजवळचा गिलावा फुगला होता. त्यावर पांढरी भुकटी येत होती. एक वॉटरप्रूफिंगवाला येऊन गेला. त्याने ती भुकटी बोटावर घेतली, जिभेला लावली आणि "मीठ आहे" असं सांगून तो कोटेशन ठेवून गेला. प्रवीणसरांनी पुढचा विचार केला. कंपनीत मीठ कुठे असतं? कँटीनमध्ये. म्हणून कँटीन बंद. पुढच्या महिन्यापासून बाहेरून पॅक थाळी येणार, असं त्यांनी ठरवूनही टाकलं होतं. फक्त कंपनीचे मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ते एवढंच म्हणाले होते, "आधी यंत्रवाल्याला बोलवा. त्याच्या कागदावर आलं म्हंजी मग बघू."

म्हणजे माझ्या कागदावर चार बायकांचं काम अवलंबून होतं. मंदाताई, त्यांची जाऊ आणि गावातल्या आणखी दोघी. प्रेस शॉप आज जिथे उभं आहे ते वावर मंदाताईंच्या सासऱ्यांचं. जमीन घेताना अण्णांनी शब्द दिला होता की कँटीन तुमच्या घराकडे राहील. तो शब्द कुठल्या कागदावर नव्हता. प्रवीणसर कागदावर नसलेलं काही मानत नाहीत.

मंदाताईंनी मला चहा दिला. मी नको म्हणालो. माझा एक नियम आहे. ज्या जागेची तपासणी करायची तिथलं काही खायचं-प्यायचं नाही. रिपोर्ट देईपर्यंत डबाही माझा आणि थर्मासही माझा.

"का हो साहेब? आमच्या चहात गंज हाय व्हय?"

"तसं नाही ताई. चहा प्यायलो तर उद्या कोणी म्हणेल, चहावर रिपोर्ट फिरला."

"एका चहावर फिरत असंल, तर मग जेवनच घाला म्हनायला पायजे," त्या म्हणाल्या आणि तो चहा स्वतःच प्यायल्या.

आता थोडं शास्त्र सांगतो, कारण त्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. सिमेंटच्या गुणामुळे काँक्रीटमधल्या सळईवर एक अगदी पातळ संरक्षक थर धरतो. तो थर शाबूत आहे तोवर सळई पन्नास वर्षं निवांत असते. मीठ त्या थराला भोकं पाडतं. मग सळईचा एक भाग झिजू लागतो, शेजारचा झिजत नाही, आणि या दोन भागांमध्ये बारीकसा विद्युतप्रवाह सुरू होतो, टॉर्चच्या सेलमध्ये होतो तसाच. या प्रवाहाची अर्धी वाट काँक्रीटमधून जाते. काँक्रीटने त्याला जितका जास्त विरोध केला, तितका गंज रेंगाळतो. काँक्रीट ओलं आणि खारट झालं की विरोध संपतो आणि गंज धावत सुटतो. वर गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा फुगतं, म्हणून बाहेरचं काँक्रीट आणि गिलावा फुटतो.

तो विरोध मोजायचं माझं यंत्र म्हणजे चार टोकं असलेली एक पट्टी. गिलावा काढून ती काँक्रीटवर टेकवायची. बाहेरच्या दोन टोकांतून जरासा प्रवाह जातो, आतली दोन टोकं मोजमाप करतात. आकडा किलो-ओम सेंटिमीटरमध्ये येतो. हे नाव विसरलात तरी चालेल. वीसच्या वर असेल तर गंजाला घाई नाही. दहाच्या खाली घाई आहे. पाचच्या खाली म्हणजे गंज ओव्हरटाइम करतोय. मात्र हे यंत्र वेगाचा अंदाज देतं. गंज खरंच लागलाय का, ते बघायला शेवटी एखाद्या ठिकाणी छिन्नी मारावीच लागते.

आणि एका जागी एकच आकडा घेऊन चालत नाही. मी पाच घेतो. पाच आकडे झाल्याशिवाय मत द्यायचं नाही, हा माझा दुसरा नियम. बायको म्हणते, "भाजीवाल्यालाही पाच वेळा वजन करायला लावा, म्हणजे तो दुकानच बंद करेल."

मोरीशेजारच्या खांबावर आकडे आले सतरा, अठरा, सतरा, सोळा, सतरा.

"म्हणजे खराब ना?" प्रवीणसरांनी उत्साहाने विचारलं.

"ओलसर. रोज पाणी उडतं, म्हणून सतरा. बरा नाही, पण घाबरण्यासारखाही नाही."

कँटीनच्या बाकी तीन खांबांवर चाळीसच्या वर आकडे आले. चुलीच्या उष्णतेने ते खडखडीत कोरडे होते. प्रवीणसरांचा चेहरा उतरला.

"सर, यंत्र कॅलिब्रेट केलेलं आहे ना?"

यंत्र अचूक मोजतं याचं मी सर्टिफिकेट दाखवलं, यंत्रावरचा स्टिकर दाखवला. चाकणमध्ये माणसाच्या शब्दावर कोणी भरवसा ठेवो न ठेवो, कॅलिब्रेशनच्या स्टिकरवर ठेवतात.

मग ड्रिलने प्रत्येक खांबातून थोडी भुकटी काढली. ती शुद्ध पाण्यात आणि थोड्या आम्लात ढवळून गाळायची आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे. मीठ असेल तर पाणी दुधासारखं होतं. हा ढोबळ अंदाज. पक्का आकडा प्रयोगशाळा देते. कँटीनच्या चारही बाटल्या जवळजवळ स्वच्छ राहिल्या.

"शिवाय सर, वर्कर्सची जुनी तक्रार आहेच," प्रवीणसर म्हणाले. "आमटीत मीठ कमी असतं."

"म्हणजे आमटीत कमी आणि खांबात जास्त?"

"एक्झॅक्टली सर. वेस्टेज."

मंदाताईंनी डाव खाली ठेवला. "मिठाचं मला इचारू नका साहेब. मिठाचं वर हापिसात इचारा."

मी हे वैतागातलं बोलणं समजलो आणि पुढे गेलो.

पुढचा खांब रिसेप्शनमधला. काचेचं दार, सोफा, ट्रॉफ्यांचं कपाट. पायथ्याचा गिलावा काढला, पट्टी टेकवली. चार. पुन्हा चार. मग साडेतीन, चार, चार. तीच पट्टी छातीच्या उंचीवर लावली तर अठ्ठेचाळीस. इथल्या भुकटीच्या बाटलीत सिल्व्हर नायट्रेट टाकलं आणि पाणी गवळ्याच्या दुधापेक्षा दाट झालं.

मी छिन्नी घेतली. खांबातल्या उभ्या सळयांना कवेत धरणाऱ्या आडव्या सळईला रिंग म्हणतात. ती उघडी पडली. पकडीने नुसती वाकवली तर खडूसारखी तुटून हातात आली.

इथे माझी थट्टामस्करी थांबली. वर चाळीस माणसं बसतात. मी प्रवीणसरांना दोन गोष्टी आजच्या आज करायला सांगितल्या. या खांबाभोवती लोखंडी टेकू लावायचे, आणि वरची रेकॉर्डची जड कपाटं दुसऱ्या बाजूला हलवायची. हे मात्र त्यांनी एकही प्रश्न न विचारता तासाभरात करवून घेतलं. माणूस कामाचा आहे, हे नमूद करायला हवं.

दिवसभरात वर-खाली मिळून अठरा खांब तपासले. सहा वाईट निघाले. रिसेप्शनमधला एक, जिन्याजवळचा एक, स्टोअरमधला एक, वर कॉन्फरन्स रूममधला एक, पॅसेजमधला एक आणि एक चक्क अण्णांच्या केबिनमध्ये, सोफ्यामागे. सगळे फक्त पायथ्याशी वाईट. वीतभर, दीड वीत. त्याच्या वर ठणठणीत.

मला हे कोडं सुटेना. पाणी गळत असेल तर एका बाजूला, एका पाइपाच्या रेषेत गळेल. बांधकामाच्या वेळीच खारं पाणी वापरलं असेल तर खांब वरपासून खालपर्यंत खारट निघेल. इथे कोणीतरी निवडून निवडून सहा खांबांच्या पायांना मीठ लावल्यासारखं होतं. आणि मालकांच्या केबिनमध्ये सोफ्यामागे कोण आमटी सांडणार?

फक्त एक गोष्ट सहाही ठिकाणी सारखी होती. प्रत्येक वाईट खांबाच्या पायाशी फरशीवर पिवळ्या टेपची एक रिकामी चौकट.

आपल्या पट्ट्यातल्या वाचकांना पिवळी टेप सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. फाइव्ह एस नावाची एक जपानी शिस्त इथल्या कारखान्यांत पाळतात. प्रत्येक वस्तूला जागा, आणि जागेवर वस्तू. जागा कळावी म्हणून फरशीवर टेपची चौकट आखतात आणि तिच्यावर नंबर लिहितात. प्रवीणसर या शिस्तीचे कट्टर भक्त. या ऑफिसात टेपच्या चौकटीत स्टेपलर असतो, चौकटीत पाण्याची बाटली असते. मी माझा थर्मास टेबलावर ठेवला तेव्हा त्यांनी दोनदा त्याच्याकडे पाहिलं होतं.

"प्रवीणसर, या चौकटीत काय असतं?" मी रिसेप्शनमध्ये विचारलं.

"ती... डस्टबिन, सर."

जिन्याजवळ पुन्हा विचारलं.

"कुंडी, सर. शोभेचं झाड."

"आणि अण्णांच्या सोफ्यामागे?"

त्यांनी पेन खिशाला लावलं. "व्हिज्युअल मॅनेजमेंट, सर."

चौकटींवर नंबर होते. व्ही-एक, व्ही-दोन, व्ही-तीन, व्ही-चार, व्ही-सहा, व्ही-सात. व्ही म्हणजे काय विचारलं तर त्यांना फोन आला. फोन वाजलेला मी ऐकला नाही.

संध्याकाळी घरी आलो. हात धुवायला बाथरूममध्ये गेलो. बेसिनच्या कोपऱ्यात एक काचेची वाटी होती. वाटीत खडे मीठ. बाहेरून ओली, आणि खाली पाण्याचं एक गोल खारट कडं.

"अगं, ही वाटी कसली?"

"वास्तूची. सोसायटीत त्या बाई आल्या होत्या ना, त्यांनी सांगितलं. मीठ नकारात्मक ऊर्जा शोषून घेतं म्हणे."

"ऊर्जेचं माहीत नाही. हवेतलं पाणी शोषून घेतं, एवढं मी सहीनिशी लिहून देईन. कधी ठेवलीस?"

"अहो, दोन वर्षं झाली! गॅसचा सिलिंडर किती दिवस टिकला ते तुम्हाला तोंडपाठ असतं. रोज दात घासता तिथली वाटी दिसली नाही?"

मी मोजायची टेप आणायला गेलो.

"आता वाटीसुद्धा मोजा," ती म्हणाली.

मोजली. कंपनीतल्या चौकटीत ती आरामात बसली असती.

दुसऱ्या दिवशी मी थेट अण्णांना भेटलो. अण्णा साठीचे, पांढरा शर्ट, खिशात चष्मा. रोज सकाळी पहिल्या प्रेसला हात लावून नमस्कार केल्याशिवाय केबिनमध्ये पाऊल ठेवत नाहीत. मी म्हणालो, "अण्णा, प्रवीणसरांना आणि मंदाताईंनाही बोलवा. एक प्रयोग दाखवतो."

दोघं आली. मंदाताईंच्या हाताला पीठ होतं.

"अण्णा, मला फक्त एवढं सांगा, व्ही-पाच कुठे आहे?"

अण्णांनी प्रवीणसरांकडे पाहिलं. प्रवीणसरांनी छताकडे पाहिलं.

"अकौंट्समदी," अण्णा हळूच म्हणाले. "झेरॉक्स मशिनच्या मागं."

आम्ही सगळे अकौंट्समध्ये गेलो. मशीन सरकवलं. मागे खांब, खांबाला नवा कोरा रंग, गिलाव्याला कुठे चीरही नाही. पायाशी पिवळी चौकट, रिकामी.

"हा खांब मी काल तपासलेला नाही," मी म्हणालो. "बाहेरून बघितलं तर चांगला दिसतोय. पण यंत्र लावायच्या आधी सांगतो. पायथ्याशी आकडा दहाच्या आत येईल. छातीच्या उंचीवर तीसच्या वर. चुकलो तर फी घेणार नाही."

फीचं वाक्य तोंडातून गेल्यावर मला घाम फुटला. असं मी कधी बोलत नाही.

गिलावा काढला. सहा, पाच, सहा, सहा, पाच. वर छातीच्या उंचीवर एक्केचाळीस.

अण्णा अकौंटंटच्या खुर्चीवर बसले. अकौंटंट उभा राहिला.

"मीठ हाय साहेब त्यात," अण्णा म्हणाले. "वाटीतलं."

मग सगळं बाहेर आलं. पाच वर्षांपूर्वी एका कामगाराचं बोट प्रेसमध्ये गेलं. पाठोपाठ एक मोठी ऑर्डर हातची गेली. कोणीतरी एका वास्तुतज्ज्ञांना घेऊन आलं. त्यांनी सात खांब दाखवले आणि प्रत्येकाच्या पायाशी खड्या मिठाची वाटी ठेवायला सांगितली. दर अमावास्येला मीठ बदलायचं. चौकटींवरचा व्ही म्हणजे वास्तू.

"काल सांगायचं ना अण्णा."

"तुमी इंजिनियर मानूस. तुमाला कसं सांगायचं? आन रूलच हाय आमच्यात, भायेरचा मानूस फाईल घिऊन आला की वाट्या उचलायच्या. ऑडिटवाले इचारतात ना, ह्ये कोनत्या प्रोसिजरमदी हाय म्हून."

वाट्या उचलल्या होत्या. पण पिवळी टेप उचलायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही, कारण टेप तर शिस्तीची.

तरी माझा हिशेब जुळेना. "अण्णा, वाटीभर मिठाने पाच वर्षांत गिलावा फुगेल. रिंग खडूसारखी तुटायची नाही. आणखी काहीतरी आहे."

प्रवीणसरांनी घसा खाकरला.

"सर, ते माझं कायझेन आहे."

कायझेन म्हणजे कामात सतत छोटी सुधारणा करत राहणं. हीसुद्धा जपानहून आलेली चांगली गोष्ट. प्रवीणसरांनी सांगितलं की पूर्वी वाटीतलं जुनं मीठ फेकून देत. म्हणजे वेस्ट. तीन वर्षांपूर्वी त्यांनी सिस्टीम बसवली. जुनं मीठ बादलीत विरघळवायचं आणि त्याच पाण्याने त्या खांबाचा पायथा आणि भोवतालची फरशी पुसायची. म्हणजे झिरो वेस्ट. शिवाय अमावास्या महिन्यातून एकदा येते आणि कधी सुट्टीच्या दिवशी येते, म्हणून तिच्याऐवजी दर शनिवारी. प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सच्या वेळापत्रकात तेल-ग्रीसबरोबर घालून टाकलं.

"आणि प्रमाण?" मी विचारलं.

"आधी काही स्टँडर्ड नव्हतं सर. कोणी मूठभर टाकायचं, कोणी चिमूट. मी स्टँडर्ड केलं. एका खांबाला अर्धा किलो." मग त्यांना राहवलं नाही. "त्या वर्षीचं बेस्ट कायझेन आहे ते. ट्रॉफी रिसेप्शनच्या कपाटात आहे."

"चार आकडा आला त्या खांबाशेजारी?"

"हो सर. तिथेच."

मी तिथेच मोठ्याने गुणाकार केला. सात खांब, अर्धा किलो, चार शनिवार. महिन्याला चौदा किलो. तीन वर्षांत अर्धा टन मीठ. एखादा माणूस समुद्रकिनारी बंगला बांधून जेवढं मीठ खांबांना मिळू देणार नाही, तेवढं यांनी चाकणला आणून घातलं होतं, तेही वेळापत्रकाप्रमाणे.

"थांबा," मंदाताई म्हणाल्या. "चौदा किलो?"

सगळे त्यांच्याकडे वळले.

"स्टोअरमधनं कँटीनला महिन्याला पंचवीस किलो मीठ मंजूर हाय. दर शनवारी तुमचा मानूस येतुया, हौसकीपिंगला पायजे म्हून घिऊन जातुया. मला वाटलं संडास धुत असत्याल. मी कशाला इचारू? जादा मागितलं तर हेच सर म्हनायचे, मंजूर न्हाई. मंग राह्यलं अकरा किलो. अकरा किलोत सव्वाशे मान्सांची आमटी कशी खारी व्हायची?" त्यांनी पिठाचा हात कमरेवर ठेवला. "कालच म्हनले न्हाई का मी ह्या साहेबांला, मिठाचं वर हापिसात इचारा?"

हिशेब बरोबर होता. मी सवयीने एकदा पुन्हा करून पाहिला.

तर प्रवीणसरांचा अंदाज एका अर्थी खरा होता. खांबांमधलं मीठ कँटीनमधूनच आलं होतं. फक्त ते आमटीच्या वाटेने न येता त्यांच्या सहीने आलं होतं.

अण्णा उठले. "वहिनी, चुकलं आमचं. कँटीन कुटं जात न्हाई."

"माझं काय अण्णा, मी गाशा गुंडाळलाच व्हता. पातेली कुनाच्या ट्रॉफीत भरून न्यायची तेवढंच ठरायचं राह्यलं व्हतं."

प्रवीणसर हसले नाहीत, पण त्यांनी मान खाली घातली आणि अगदी हळू आवाजात "सॉरी ताई" म्हणाले. त्यांच्या बाजूने मला एक गोष्ट सांगावीशी वाटली आणि मी सांगितली. सगळा दोष मिठाचा नव्हता. इमारत बांधतानाच ठेकेदाराने सळईवर काँक्रीटचं आवरण कमी ठेवलं होतं. ते पुरेसं असतं तर मिठाला सळईपर्यंत पोचायला आणखी बरीच वर्षं लागली असती. प्रवीणसरांनी हे वाक्य रिपोर्टात पहिल्या पानावर येईल का, असं विचारलं. मी चौथ्या पानावर घातलं, जिथे ते शास्त्राप्रमाणे यायला हवं.

अण्णांची विनंती वेगळी होती. "रिपोर्टात वास्तूचं लिहू नका साहेब. गिऱ्हाईक वाचतंय."

मी विचार केला. मग लिहिलं, 'फरशी पुसण्याच्या खारट पाण्यातून बाहेरून आलेलं मीठ. हे पाणी तत्काळ बंद करावं.' यात खोटं काही नाही. कारण लिहिणं माझं काम आहे. पाणी खारट का केलं, हे माझ्या कामाच्या कक्षेत येत नाही.

दुरुस्ती तशी सरळ होती, पण चेंगट. एका वेळी एकच खांब घ्यायचा. टेकू लावायचे. पायथ्याचं खारावलेलं काँक्रीट सळईच्या मागपर्यंत फोडून काढायचं. सळया घासून लख्ख करायच्या, झिजलेल्या ठिकाणी नव्या जोडायच्या, नव्या रिंगा घालायच्या आणि मग दुरुस्तीचा खास माल भरायचा. वरवर गिलावा करून रंग मारला असता, जसा अकौंट्समध्ये मारला होता, तर आत गंजाचा ओव्हरटाइम चालूच राहिला असता. आणि कँटीन बंद केलं असतं, तर शनिवारची बादली मात्र सुरूच राहिली असती.

वाट्यांचं काय करायचं, हा प्रश्न उरला. अण्णांना त्या पूर्ण सोडवेनात. मी म्हणालो, ठेवा. पण काचेच्या बरणीत, घट्ट झाकण लावून, टेबलावर, खांबापासून हातभर लांब. पाणी अजिबात नाही.

"झाकन लावल्यावर ती ऊर्जा कशी जायची आत?" अण्णांनी विचारलं.

"अण्णा, ऊर्जा इतक्या भिंती ओलांडून आत येते. झाकणाला काय अडणार?"

त्यांना हे पटलं. प्रवीणसरांनी सातही टेबलांवर पिवळ्या टेपचे गोल करून घेतले. बरण्या गोल होत्या ना. आता बाहेरचा माणूस आला तरी त्या कोणी उचलत नाही. ऑडिटवाल्याने विचारलं तर 'ओलावा निदर्शक' म्हणून सांगतात, आणि गंमत अशी की ते खरंच आहे. पावसाळ्यात मीठ ओलं दिसलं की झाकण नीट लागलं नाही असं समजायचं.

आमच्या घरची वाटीही आता झाकणाच्या बरणीत आहे. बायको म्हणाली, "कंपनीला फी लावली, आम्हाला किती?" मी म्हणालो, पहिली पाच वाचनं फुकट.

रिपोर्ट अण्णांच्या हातात दिला, पोच घेतली आणि मग मी कँटीनमध्ये जाऊन बसलो. माझा डबा त्या दिवशी मी घरीच ठेवला होता. मंदाताईंनी स्वतः ताट वाढलं. भाकरी, पिठलं, कांदा आणि गरम आमटी.

"बसा साहेब. आता पूर्ण पंचवीस किलो माझ्याकडंच येतंय," त्या अभिमानाने म्हणाल्या. "कुनाची तक्रार राह्यली न्हाई पायजे."

मी भाकरी आमटीत बुडवली. पहिला घास घेतला. पाण्याचा ग्लास उचलला. दुसरा घास घेतला. पुन्हा पाण्याचा ग्लास उचलला. समोरच्या टेबलावर प्रवीणसरही जेवत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पाण्याचा जग माझ्याकडे सरकवला.

या कामातून मी एवढंच शिकलो की मीठ वाईट नसतं, चांगलंही नसतं; ते जिथे जातं तिथे काम करतं, आणि किती गेलं ते कोणीतरी मोजावं लागतं.

"कशी झालीया आमटी?" मंदाताईंनी विचारलं.

मी म्हणालो, आत्ताच मत देता येणार नाही. पाच वाचनं झाल्याशिवाय मी कधी देत नाही, आणि घास तर दोनच झालेत.